गोपालकाला : पंगतीचा अर्थ आणि इतिहास



दिंडीला शंभर वर्षं पुरी होतात तेव्हा स्मरणिकेत जुने फोटो यावेत, विणेकऱ्यांची नावं यावीत, मुक्कामांची यादी यावी, हे रीतीला धरूनच आहे. ते सगळं या अंकात इतर पानांवर आहे. आम्ही इथे एका छोट्या गोष्टीचा इतिहास मांडायचं ठरवलं. ती गोष्ट दरवर्षी आपल्या ओंजळीत येते आणि दोन घासांत संपते. ती म्हणजे काला.

सप्ताह कुठेही असो, काल्याच्या कीर्तनाशिवाय तो उठत नाही. कार्तिकातला काकडा असो, आपल्या विदर्भातल्या गावोगावचा गोपालकाला असो की पंढरीची आषाढी असो, शेवट काल्यानेच. आषाढी एकादशीला आपण नगरप्रदक्षिणा करतो, चंद्रभागेचं स्नान करतो, कळसाचं दर्शन घेतो. पण वारी पुरी होते ती पौर्णिमेला, गोपाळपूरला काला झाल्यावर. मग पालख्या परतीला लागतात. एवढा मान एका मूठभर लाह्या-दह्याला का मिळाला? आणि तो मान आपण किती पाळला? या दोन प्रश्नांभोवती हा लेख आहे.

मोठ्याने म्हणायचा मंत्र

काल्याकडे येण्याआधी आपल्या बाकीच्या आचारांकडे एकदा पाहू, कारण सगळ्यांची दिशा एकच आहे.

पुष्कळ संप्रदायांत गुरू शिष्याच्या कानात मंत्र सांगतो आणि तो गुप्त ठेवायचा असतो. तुकोबांनाही मंत्र मिळाला तो गुरूकडूनच. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन तो दिला, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. पण 'राम कृष्ण हरी' हा मंत्र गुपित राहिला नाही. आज आपण तो रस्त्यात भेटणाऱ्याला नमस्कार म्हणून म्हणतो, फोन उचलताना म्हणतो, चहाच्या टपरीवर म्हणतो. मंत्राचं सामर्थ्य लपवल्याने वाढतं, ही कल्पना वारकऱ्यांनी सोडून दिली. ज्याच्याजवळ वाणी आहे तो अधिकारी. त्याची जात, शिक्षण, सोवळंओवळं विचारायचं कारणच उरत नाही.

माळेचंही तसंच. तुळशीचे मणी ओवलेली ती साधी माळ. सोन्याची असती तर ती घालणारा आणि न घालणारा असे दोन वर्ग झाले असते. तुळस परसात उगवते. गोपीचंदन आणि बुक्का सगळ्यांच्या कपाळी सारखाच लागतो. आणि पाया पडणं! जगात धाकटा मोठ्याच्या पाया पडतो. दिंडीत दोघं एकाच वेळी वाकतात. सत्तर वर्षांचे आजोबा बारा वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतात आणि त्याला माउली म्हणतात. नव्या माणसाला हे पाहून हसू येतं. पण रोज शेकडो वेळा वाकल्याने माणसाच्या अंगातला ताठा निघतो, हा त्यामागचा हिशेब आहे.

एकत्र म्हणणं झालं, एकत्र चालणं झालं, एकमेकांपुढे वाकणंही झालं. राहिलं एकत्र जेवणं. आपल्या समाजात तेच सगळ्यात अवघड. बेटीव्यवहाराच्या आधी रोटीव्यवहार अडतो. संतांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शेवटची परीक्षा पोटाच्या वाटेने घेतली.

यमुनेकाठची शिदोरी

काल्याची मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधातली. तेराव्या अध्यायात कृष्ण आणि त्याचे सवंगडी वासरं चारायला गेलेले असतात. दुपारी यमुनेच्या वाळवंटात सगळे बसतात, कृष्ण मधोमध आणि गोपाळ त्याच्याभोवती, कमळाच्या पाकळ्या बसाव्यात तसे. कुणी पानावर, कुणी सालीवर, कुणी दगडावर शिदोरी सोडतो. आपल्या घरच्या पदार्थाची चव जो तो दुसऱ्याला दाखवतो, हसतो, हसवतो. यज्ञाचा भोक्ता असलेला देव पोरांच्यात बसून खातो आहे, हे स्वर्गातले देव बघत राहतात. पुढे ब्रह्मदेव वासरं आणि गोपाळ लपवतो आणि फजित होतो, ती कथा आपण कीर्तनात ऐकतोच.

इथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. भागवतात शिदोऱ्या वेगवेगळ्याच आहेत. सगळ्यांच्या शिदोऱ्या एका ठिकाणी ओतून कालवणारा कृष्ण रंगवला तो मराठी संतांनी. नामदेव, एकनाथ, तुकाराम, सगळ्यांचे काल्याचे अभंग गाथ्यांत आहेत. त्यांच्या काल्यात श्रीमंताघरचं दही आणि गरिबाघरची शिळी भाकर एकाच गोळ्यात जाते. 'काला' हा शब्दच 'कालवणे'पासून आला. काला पळीने ढवळत नाहीत, हाताने कालवतात. एकदा कालवला की यातला पोहा पाटलाघरचा आणि ही लाही मजुराघरची, असं वेगळं काढता येत नाही.

आणि त्यात उष्टंही आलं. कृष्ण पेंद्याच्या तोंडचा घास खातो, पेंद्या कृष्णाच्या. ज्या समाजात उष्ट्याने विटाळ होतो, त्या समाजात उष्टं हाच प्रसाद ठरवला गेला. कीर्तनकार मोठ्या रंगात सांगतात, की हा काला आपल्यालाही मिळावा म्हणून देव मासे होऊन यमुनेत येऊन बसले. गोपाळ हात धुवायला आले की पाण्यात कण पडतील, तेवढे तरी मिळतील! कृष्णाने ओळखलं आणि पोरांना सांगितलं, हात धुऊ नका, घोंगडीला पुसा. देव उपाशी राहिले. गोष्ट ऐकून मंडपात हशा पिकतो. पण तिचा अर्थ असा, की जो वर राहून खाली काय पडतं ते वेचायला बघतो, त्याला काला मिळत नाही. पंगतीत येऊन बसावं लागतं.

दही सांडलं

संतांच्या चरित्रांतही ही जेवणाची गोष्ट पुन्हा पुन्हा येते. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला. त्यांनी सांगितलेल्या आणि कीर्तनांतून पसरलेल्या कथांमध्ये चोखोबांच्या घरी विठ्ठल जेवायला येतो. वाढताना सोयराबाईंच्या हातून दही देवाच्या पितांबरावर सांडतं. चोखोबा बायकोला बोलतात. ते ऐकणाऱ्या बडव्याला वाटतं, हा आपल्यालाच बोलतो आहे, आणि तो चोखोबांच्या तोंडात मारतो. देवळात परतून बघतो तर गाल सुजलेला आहे विठ्ठलाचा. पैठणच्या नाथमहाराजांनी श्राद्धाचं अन्न आधी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वाढलं आणि गावाचा रोष घेतला, ही कथाही आपण लहानपणापासून ऐकतो.

कथा कथाच आहेत. पण लोकांनी शेकडो वर्षं कोणत्या कथा जपल्या, हा इतिहासच असतो. दोन्ही कथांमध्ये भांडण वेदांतावरून होत नाही, ताटावरून होतं.

चोखोबा आपल्याला जवळचे आहेत, आणखी एका कारणाने. परंपरा त्यांचं जन्मस्थान बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा सांगते, म्हणजे ते आपल्या विदर्भाचे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले, साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्यांना आत जाता आलं नाही, त्यांची समाधी दारातच. आजही आत जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्यासमोरून जातो.

पंगत हा शब्द महाराष्ट्राबाहेरही याच अर्थाने पोचला आहे. नामदेवांचा वारसा पंजाबात घुमानला आहे, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. शीख बांधव 'संगत आणि पंगत' म्हणतात. लंगरमध्ये राजा-रंक एका ओळीत जमिनीवर बसतात. पुरीला जगन्नाथाच्या महाप्रसादाला शिवाशिव लागत नाही, असं मानतात. म्हणजे एकत्र जेवणं हे भक्तीचं शेवटचं पाऊल आहे, असं ठिकठिकाणच्या भक्तांना वाटलं. फरक इतकाच, की लंगर रोज चालतो आणि आपला काला वर्षातून काही वेळाच होतो. त्या फरकामुळेच पुढचा प्रश्न उभा राहिला.

शिस्त लागली, चूल वेगळी राहिली

तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून वारी नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. ते शिंदे सरकारच्या चाकरीत होते. परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडलं, कोंडलं आणि हरिपाठाच्या बळावर त्यांची सुटका झाली, असं सांगतात. त्यांनी सोहळ्याला लष्करासारखी शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व आला, तंबू आले, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आले. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे येतो. राज्यकारभार चालवणाऱ्यांनीही शिकावी अशी ही रीत आहे.

पण या शिस्तीने चालण्याची आणि गाण्याची व्यवस्था लावली. जेवणाची व्यवस्था ज्या त्या दिंडीकडे राहिली. ज्याची त्याची राहुटी, ज्याची त्याची चूल. दिंड्या गावावरून आणि नात्यागोत्यावरून बनलेल्या, त्यामुळे चुलीही तशाच.

हे सर्वांत स्पष्ट लिहून ठेवलं इरावती कर्वेंनी. त्या समाजशास्त्रज्ञ, स्वतः वारीत चालल्या. १९४९ साली आलेल्या 'परिपूर्ती' या पुस्तकातला त्यांचा 'वाटचाल' हा लेख प्रत्येक वारकऱ्याने एकदा वाचावा. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा असे दोन गट होते. दिवसभर एका टाळावर चालायचे, एकच अभंग म्हणायचे, आणि जेवायला वेगळे बसायचे. हे सगळं एकत्र गाणं फक्त परलोकातल्या एकीसाठीच आहे का, असा प्रश्न त्यांना पडला. त्या मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. मग बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, ताई म्हणू लागल्या, पुण्याला भेटायला येऊ म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीने विचारलं, की तिथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का?

आमच्या मते वारीवर आजवर विचारलेला सर्वांत मोठा प्रश्न हाच. विचारणारीचं नावही कुणाला ठाऊक नाही.

दार उघडलं

त्याच काळात पंढरीच्या दाराचाही प्रश्न सुटला. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून जागृती केली आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडलं. दहा दिवसांनी ते सुटलं आणि विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं करण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखोबांना जाऊन सहाशे नऊ वर्षं झाली होती.

आपल्या विदर्भाचा वाटा इथेही मोठा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा वारीला जायचे, पण हातात खराटा घेऊन. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना कुणी ओसरीवरही टेकू देत नव्हतं त्यांना मुक्कामाला छप्पर हवं होतं. १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्याआधी वर्षभर, १९४८ साली, बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या मुळावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला होता. नागपुरात चोखोबांच्या नावाचं वसतिगृह आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत वेगळी वाट धरली.

दीक्षाभूमी आपल्या बेसाहून काही लांब नाही. दिंडीच्या स्मरणिकेत तिचा उल्लेख कशाला, असं कुणी म्हणेल. आम्हाला वाटतं, काल्याचा इतिहास लिहायचा तर तो टाळता येत नाही. पंगतीत ज्यांना सहाशे वर्षं जागा मिळाली नाही, ते उठून गेले. त्यांनी चोखोबांचं नाव मात्र सोडलं नाही. गोपाळांनी कालवलेला तो गोळा मोठा होता, पण वाढणाऱ्यांचा हात आखडला, हा त्याचा अर्थ.

नागपूरहून पंढरी

शंभर वर्षांपूर्वी नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि पंढरपूर मुंबई इलाख्यात. म्हणजे आपले पूर्वज वारीला परप्रांतात जायचे. त्यात आणखी एक अडचण होती. आषाढी जूनअखेर ते जुलैत येते. इथून पायी महिनाभराहून जास्त लागतो. म्हणजे नेमकं मृग लागताना, पेरणीच्या तोंडावर वावर सोडून निघायचं. घाटावरच्या वारकऱ्याला पंढरी जवळ. आपल्याकडच्या कास्तकाराला ती पेरणीच्या पलीकडे. ज्याचं वावर भाऊ किंवा पोरगा सांभाळेल तोच निघणार. वारी एकट्याची नसते, ती मागे राहणाऱ्याचीही असते, हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

रेल्वेने थोडी सोय केली. नागपूरला गाडी १८६७ साली आली, मनमाड-दौंड मार्ग १८७८ साली झाला, आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ साली पंढरपूरला पोचली. गाड्या बदलत जाणाऱ्या त्या प्रवासात शिदोरी सोडली जायची, आणि डब्यात शेजारी कोण बसलं आहे हे ठरवणं आपल्या हातात नव्हतं. आपल्या देशात पंगत मोडायला आणि जोडायला कीर्तनाइतकीच आगगाडीनेही मदत केली.

आणि ज्यांना जाणं जमलंच नाही त्यांच्यासाठी कळमेश्वर तालुक्यातलं धापेवाडा होतंच. आपण त्याला विदर्भाची पंढरी म्हणतो. कोलबास्वामींच्या भक्तीशी जोडलेलं ते विठ्ठलमंदिर, पायथ्याची नदीही चंद्रभागाच. आषाढी झाल्यावर पांडुरंग इकडे येतो, अशी श्रद्धा आहे. भक्ताला वावर सोडता येत नाही तर देवानेच दोन पावलं चालावं, एवढा हक्क आपल्या लोकांनी विठ्ठलावर सांगितला.

आता आपल्या ओंजळीत

आज बेसा पूर्वीचं राहिलेलं नाही. मानेवाडा-बेसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिथे तूर आणि ज्वारी उभी राहायची, तिथे लेआउट पडले, मग बंगले आले, मग आठ-दहा मजली स्कीमा. ग्रामपंचायत जाऊन बेसा-पिपळा नगरपंचायत झाली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, मध्यप्रदेश, कुठून कुठून माणसं राहायला आली. एका जिन्यातली चार घरं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. जुन्या गावात शिवाशिवीने पंगत तुटायची. आता बंद दाराने तुटते.

२०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पाया पडणंही बंद, काला तर दूरच. तेव्हापासून ठिकठिकाणी काला बंद डब्यांतून वाटायची सवय लागली. स्वच्छता हवीच, गाडगेबाबांचं नाव घेणाऱ्यांना ते कुणी शिकवायला नको. हात धुऊन, नखं कापून, झाकलेल्या भांड्यात काला करता येतो. पण केटररने भरून आणलेला डबा ज्याने त्याने आपल्या घरी नेऊन खाल्ला, तर त्याला प्रसाद म्हणता येईल, काला म्हणता येणार नाही. त्यात कुणाची शिदोरी कुणाच्या शिदोरीत मिसळलीच नाही.

म्हणून शताब्दीच्या या वर्षी आम्हा मंडळींनी एक साधी गोष्ट ठरवली आहे. काल्याच्या दिवशी प्रत्येक घरातून मूठभर काहीतरी यावं. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, काकडी, हिरवी मिरची, भिजवलेली डाळ, वरून घालायला सांबार; जे घरात असेल ते. जुन्या गावातल्या घरांतून यावं, तसं स्कीमांतल्या घरांतून, बांधकामावर राहणाऱ्या मजुरांच्या टिनांच्या खोल्यांतूनही यावं. आणणाऱ्याला आडनाव विचारायचं नाही. सगळं एकाच परातीत जाईल. कालवायला आळीपाळीने सगळ्यांचे हात लागतील, बायाबापड्यांचे आधी. मग जमिनीवर पंगत बसेल, आणि वाढणारे शेवटी जेवतील.

यात नवीन काहीच नाही. यमुनेकाठी जे घडलं म्हणतात, आणि ज्यासाठी देव मासे झाले म्हणतात, तेच आहे. फक्त ते एका दिवसापुरतं ठेवायचं की नाही, हे आपल्या हातात आहे. काला झाला, मंडप उतरला, भांडी घासून ठेवली, की त्या अनाम मुलीचा प्रश्न आपल्याही दारात येऊन उभा राहणार: इथे वागलात तसे उद्या घरीही वागाल का? पुढच्या शंभर वर्षांत या दिंडीचा इतिहास जो कुणी लिहील, त्याने त्याचं उत्तर होय असं लिहावं, एवढंच पांडुरंगाजवळ मागणं.

रामकृष्णहरी.